वरंधा घाटात निखळलेला गिअर लिव्हर

वरंधा घाटाने कोकणात उतरणाऱ्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी मोटरसायकलच्या डाव्या बाजूला बसून गिअर लिव्हर, म्हणजे पायाने गिअर बदलण्याची दांडी, हाताने वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहावा, आणि तो शाफ्टवर, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेल्या ज्या दांड्यावर तो बसतो त्यावर, जराही डुगडुगत असेल तर ‘कालच सर्व्हिसिंग झाले आहे’ एवढ्या भरवशावर निघू नये. मी त्याच भरवशावर निघालो होतो. लिव्हर सैल वाटतो हे मी गॅरेजात आवर्जून सांगितले होते, ‘टाइट केलाय, आता बघायला नको’ असे उत्तरही मिळाले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भोरला चहाला थांबलो तेव्हा लिव्हर पुन्हा तसाच हलत होता.

भोरला मी दहा नंबरचा पाना काढून बोल्ट आवळला. पाना घट्ट लागला, लिव्हर मात्र हललाच. मी आणखी जोर लावला, आणि या प्रवासातली माझी सर्वांत महागात पडलेली चूक हीच. शाफ्टच्या टोकावर बारीक उभे दाते असतात आणि लिव्हरच्या भोकात त्यांत बसणारे दाते असतात. भोकाला एका बाजूने चीर असते. बोल्ट आवळला की ही चीर मिटत जाते आणि लिव्हर शाफ्टला आवळून धरतो. सैल लिव्हर बरेच दिवस चालवला तर त्याचे दाते झिजतात, भोक मोठे होते, आणि मग चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या तरी शाफ्टवर पकड येत नाही. अशा वेळी पाना घट्ट लागतो तो कडा टेकल्यामुळे, आणि त्यावर जोर केला की लिव्हरमधले बोल्टचे आटे जातात. आधी चीर पाहावी आणि मगच पाना लावावा, हे मला गॅरेजात कोणी सांगितले नाही आणि मी स्वतःही वाकून पाहिले नाही.

नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेचा रस्ता आम्ही गेलो तेव्हा जागोजागी उखडलेला होता. त्या हादऱ्यांनी बोल्ट केव्हा गळून पडला ते कळलेच नाही. वाघजाई मंदिराच्या अलीकडे एका वळणावर गिअर उतरवायला पाय दाबला तर पायाखाली काहीच नव्हते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. क्लच दाबून ती कडेला घेतली आणि मेहुण्याला मागे पाठवले. अर्ध्या तासाने तो लिव्हर घेऊन आला, बोल्ट मात्र सापडला नाही. लिव्हरचे भोक अंगठ्याने पुसले तेव्हा ग्रीसमध्ये मिसळलेली करड्या रंगाची चकचकीत भुकटी बोटाला लागली. आतल्या दात्यांची टोके जवळजवळ सपाट झाली होती. शाफ्टचे दाते मात्र शाबूत होते. शाफ्ट सहसा कडक पोलादाचा असतो, म्हणून झिजतो तो लिव्हरच. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवले याचा उपयोग पुढे झाला.

साडी गार्डचा सहा मिलिमीटरचा एक बोल्ट नटासकट काढला. लिव्हरमधले आटे गेलेले असल्याने तो आरपार घालून मागून नट लावता आला. दरीच्या कठड्यापाशी पडलेला शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा डबा कात्रीने कापून बोटभर रुंदीची पट्टी केली, कडा दगडावर घासून बोथट केल्या आणि ती शाफ्टभोवती एकच वेढा देऊन त्यावर लिव्हर दाबून बसवला. बोल्ट शाफ्टवरच्या गोल खाचेतून जातो, त्यामुळे लिव्हर पूर्ण आत गेल्याशिवाय बोल्ट शिरत नाही. येथे हातोडीची घाई करू नये. पहिल्यांदा लिव्हर एक दाता खाली बसला आणि बूट त्याच्याखाली जाईना, म्हणून सगळे पुन्हा केले. घाटात असा गिअर सारखा बदलू नये. दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या आधाराने संथपणे उतरावे, आणि न्यूट्रलमध्ये गाडी कधीही सोडू नये, कारण मग सगळा भार ब्रेकवर येतो. लिव्हर सापडलाच नाही तर ग्रिप प्लायर (आवळल्यावर तशीच अडकून राहणारी पक्कड) शाफ्टवर घट्ट चावून, गाडी पुढे-मागे हलवत दुसरा गिअर टाकता येतो.

घाट उतरल्यावर ज्या पहिल्या गॅरेजात थांबलो तेथे लिव्हरला हात न लावताच निदान झाले: “शाफ्ट गेलाय साहेब, इंजिन खोलावं लागंल. दोन दिवस आणि बावीसशे रुपये.” दाते शाबूत असल्याचे मी दाखवले, तेव्हा दुसरा उपाय आला की लिव्हर शाफ्टला वेल्ड करून टाकू. यांपैकी काहीही करू देऊ नये, हे मी निःसंकोच सांगतो. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्टचे ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी कडी) जळते, आणि पुढे डाव्या बाजूचे झाकण उघडायची वेळ आली की लिव्हर कापूनच काढावा लागतो. जो मिस्त्री लिव्हर काढून दाते पाहत नाही, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

महाडला एका वयस्कर मिस्त्रींनी लिव्हर काढला, डोळ्याजवळ धरून पाहिला आणि हॅक्सॉचे पाते चिरेतून दोनदा फिरवले. रुंद झालेली चीर बोल्ट आवळताना पुन्हा मिटू लागली आणि लिव्हर पट्टीवर घट्ट बसला. त्यांनी पन्नास रुपये घेतले आणि नवा लिव्हर मिळेल तेव्हा बदला, असे बजावले. थकव्याने माझे हात थरथरत होते. त्या माणसाने दिलेला दिलासा शब्दांत सांगता येणार नाही.

हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेश्वीची फेरीबोट, केळशी, आंजर्ले हे दोन दिवस सुखाचे गेले. त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. दापोलीत साडेतीनशे रुपयांना नवा लिव्हर मिळाला. बोल्टला स्प्रिंग वॉशर आणि निळा थ्रेड लॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावला, आणि लिव्हरवरून शाफ्टच्या तोंडापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. लिव्हर तसूभर सरकला तरी ही रेघ तुटलेली दिसते. सहा मिलिमीटरचे दोन बोल्ट, नट, वॉशर आणि ग्रिप प्लायर मी आता कायम सीटखाली ठेवतो. परतीला आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, वाईमार्गे पुण्याला आलो आणि प्रत्येक थांब्यावर वाकून पाहिले: रेघ शेवटपर्यंत अखंड होती.