शुक्रवारचा खला: सहा पाव, त्यांतले दोन शेजाऱ्यांचे

इस्राएलमध्ये खला, म्हणजे ज्यूंचा शब्बाथचा वेणीचा पाव, कुठल्याही बेकरीत मिळतो. तरी लोद, रमला, अश्दोद, दिमोना इथल्या बेने इस्राएल (कोकणातून आलेल्या ज्यूंच्या) घरांतही तो शुक्रवारी हौसेने घरी होतो. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांचीच ही नातवंडं-पतवंडं. शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, तोच; वेणीचा पाव मूळचा युरोपातल्या ज्यूंचा, आता सगळ्यांचा झालेला.

घरी करण्यामागे एक विधी आहे. साधारण 1.67 किलो किंवा जास्त कोरडं पीठ घेऊन मळलं, तर प्रार्थना म्हणत त्यातला सुपारीएवढा गोळा काढून ठेवतात. यरुशलेमचं मंदिर होतं तेव्हा हा वाटा याजकाला जायचा. आता तो फॉइलमध्ये गुंडाळून जाळतात. 1.2 किलोच्या आत पीठ असेल तर काढावा लागत नाही, मधल्या मापाला प्रार्थनेशिवाय काढतात. म्हणून बायका मुद्दाम मोठं माप घेतात. त्याचे सहा पाव होतात: दोन शुक्रवारच्या रात्रीला, दोन शनिवारच्या दुपारला, दोन बाहेर द्यायला. मला या रीतीतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

माप असं: मैदा 1.7 किलो, ड्राय यीस्ट 20 ग्रॅम, साखर 170 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम, अंडी 3, तेल 170 मिली, कोमट पाणी 750 मिली. आपल्याकडचा मैदा पाणी कमी पितो, तेव्हा आधी 650 मिलीच घाला. मैदा चाळून घ्यायचा. अंडी एकेक करून वाटीत फोडायची. रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडं बाद. लोणी-दूध अजिबात नाही, कारण जेवणात मटण-चिकन असतं आणि दूध-मांस एकत्र चालत नाही.

दहा मिनिटं जोर लावून मळा, दीड तास झाकून दुप्पट होऊ द्या. मग प्रार्थनेचा गोळा काढा आणि उरलेल्याचे सहा भाग करा. प्रत्येक भागाच्या तीन वळ्या करायच्या, मध्ये जाड, टोकांना निमुळत्या. वळी लांबवताना परत आखडत असेल तर ओढू नका, दहा मिनिटं विसावू द्या. तीनपेडी वेणी केसांना घालतो तशीच, फक्त सैल. घट्ट घातली की ओव्हनमध्ये फुगायला जागा उरत नाही आणि पेडांच्या सांध्यांतून पाव फाटतो. दुसऱ्यांदा कमी फुगवला तरी तसाच फाटतो. जास्त फुगवला तर वेणी पुसट होऊन पाव पसरतो. चाळीस मिनिटांनी बोटाने हलकं दाबून बघा: खळगा सावकाश, अर्धवट भरून आला की वेळ झाली.

फेटलेलं अंडं हलक्या हाताने पातळ लावा, नाहीतर खाचांत साचून त्याचं ऑम्लेट होतं. वर तीळ किंवा खसखस. 180 अंशांवर 28 ते 30 मिनिटं. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ वाजला पाहिजे.

वेळेचं गणित चुकवू नका. शब्बाथच्या मेणबत्त्या बहुतेक गावांत सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लागतात, यरुशलेममध्ये 40 मिनिटं आधी, आणि त्यानंतर चूल बंद. डिसेंबरात तेल अवीवला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पीठ सकाळीच मळतात. टेबलावर दोन पाव कापडाखाली ठेवायचे (वाळवंटात शुक्रवारी दुप्पट मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, मिळायचा, त्याची आठवण), द्राक्षरसाची प्रार्थना झाली की कापून, मिठाला लावून सगळ्यांना तुकडा द्यायचा.

बाहेरचे दोन पाव बाळंतिणीकडे, एकट्या म्हाताऱ्या शेजारणीकडे किंवा सात दिवसांचं सुतक असलेल्या घरी जातात. पाव पूर्ण गार होऊ द्या. गरम असतानाच पिशवीत घातला तर वाफेने साल ओली चामट होते. सोवळं फार पाळणाऱ्या घरी द्यायचा असेल तर त्यांना तुमच्या स्वयंपाकघरातलं चालतं का, हे आधी विचारून घ्या. त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही.