तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना घेऊन शेतावर का राहता?

लग्नात, बारशात, परवा तर दशक्रियेला सुद्धा. "काय गं, अजून तिकडेच का?" आणि मग आवाज खाली आणून, "पण मुलांचं काय?"

तर एकदाच लिहून टाकते. नाशिकजवळ, गिरणाऱ्याच्या पुढे दीड एकर आणि विहीर, एवढंच आहे आमचं. संन्यास घेतलेला नाही. फ्रिज आहे, वायफाय आहे (पावसाळ्यात नसतं), हे अजूनही आठवड्यातले तीन दिवस सातपूरला कामाला जातात आणि खरं सांगायचं तर घर त्या पगारावर चालतं, भाजीवर नाही. टोमॅटो एकदाच लावला, तोडणीची मजुरी पण सुटली नाही. डांगी गाय आहे, धो धो पावसात भिजली तरी तिला काही होत नाही, पण दूध जेमतेम दोन लिटर. "साधं राहणं" म्हणजे दिवसभर राबणं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण, मीच तर सगळ्यांना सांगत सुटले होते, मातीत हात, ताजं दूध, मुलं झाडावर... तेव्हाचे माझे मेसेज आता माझ्याच्याने वाचवत नाहीत.

आणि हो, बिबट्या. तुम्हाला तेच विचारायचं असतं, माहितीये मला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी. तुमच्याकडे वसुबारस असते ना, इकडच्या वाड्यांवर त्याच दिवशी वाघबारस, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. त्याच्या चार दिवस आधी आमच्या कुत्र्याने, बंड्याने दोन पिल्लं मारली, कोंबडीची, माझी महिनाभराची मेहनत. मी इतकी चिडले की त्याला शेवग्याला साखळीने बांधला. पोरगा म्हणाला रात्री सोडूया, मी म्हटलं राहू दे आजची रात्र, कळू दे त्याला. त्या आठवड्यात शेतपंपाची थ्री फेज लाईट रात्रीची होती, हे मोटर चालू करायला विहिरीवर गेलेले. बंड्या दोनदा भुंकला. मग तो आवाज आला, तो मी लिहिणार नाही. मी टॉर्च घेऊन दार उघडेपर्यंत सगळं संपलं होतं, साखळी झाडालाच, पट्टा तुटलेला. आणि मागे वळले तर पोरगा खिडकीत उभा. नऊ वर्षांचा होता. कधीपासून उभा होता ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

"आई, मोकळा असता तर पळाला असता ना?"

मी म्हटलं, नाही रे, बिबट्यापुढे कुत्रा कुठे पळतो. खोटं बोलले. म्हणजे खरंही असेल, पण मी ते त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी बोलले.

सकाळी वनखात्याच्या हेल्पलाइनला, १९२६ वर फोन केला. त्यांचा माणूस आला, ठसे बघितले, म्हणाला ताई, कुत्रं बाहेर बांधणं म्हणजे त्याला ताट वाढून ठेवणं. पिंजऱ्याचं विचारलं तर म्हणाला, हा नेला तर दुसरा येईल, ऊस आणि द्राक्षबागा आहेत तोवर येणारच. शेजारची मावशी म्हणाली, त्याचं घेऊन गेला तो. मला तेव्हा तिचा रागच आला होता. आता येत नाही, पण पटलंय असंही नाही.

तुम्ही म्हणाल, मग या ना परत. शहरात काय कमी धोके आहेत, द्वारका सर्कलला पोराला एकट्याने रस्ता ओलांडू द्याल का, हे माझं ठरलेलं उत्तर, आणि ते मी इतक्यांदा दिलंय की मलाच त्याचा कंटाळा आलाय. कारण त्या रात्री चूक गावाची नव्हती, बिबट्याची तर नव्हतीच. मी शहरातून येताना सगळी हौस आणली आणि इथल्या साध्या पोराला कळतं तेवढंही शिकून आले नव्हते.

लेक मजेत आहे, गायीशी गप्पा मारते. तिच्या जोरावर मी लोकांना फोटो पाठवते. पोराचं मला माहीत नाही. शाळेत ठीक, खातो, खेळतो. कुत्र्याचं नवीन पिल्लू आणलंय, त्याच्यासाठी धनगराकडून खिळ्यांचा पट्टा त्यानेच मागून आणला, मला न विचारता. पिल्लू आत झोपतं. रात्री मी कडी लावते आणि पाच मिनिटांनी तो उठून परत ओढून बघतो.

कॉलेज रोडच्या टू बीएचकेचं भाडं मी दोनदा विचारून ठेवलंय. यांना सांगितलेलं नाही. या महिन्यात मेथी पेरलीये, ती निघेपर्यंत तरी विचारू नका.