आमची वाटचाल : गोंदण पुसले त्यानंतर

वाईतील आमच्या स्टुडिओत वडिलांच्या काळी 'रिटचिंग' हा शब्द नव्हता. फोटोतले डाग-सुरकुत्या झाकण्याच्या त्या कामाला 'टचिंग' म्हणत. कृष्णधवल निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने मुरमाची किंवा डोळ्यांखालच्या रेषेची जागा भरली, की निगेटिव्हवर ती गडद होई आणि प्रिंटवर उजळ येई. काम इतके किचकट होते की हात आपोआप आखडता राही.

मी व्यवसायात आलो तेव्हा तो संयम सुटला. 2002 साली आलेल्या फोटोशॉप 7 मधील हीलिंग ब्रशने सुरकुती क्षणात नाहीशी होते हे कळल्यावर मी दिसेल ती सुरकुती घालवू लागलो. मेणवलीच्या घाटावर काढलेल्या एका कुटुंबाच्या फोटोत तर आजींच्या कपाळावरचे गोंदणही मी डाग समजून पुसून टाकले. फ्रेम न्यायला आलेल्या त्यांच्या मुलाने बराच वेळ फोटो पाहिला आणि "यात आई कुठंय?" एवढेच विचारले. प्रिंट पुन्हा काढून दिली; पैसे अर्थातच घेतले नाहीत. तेव्हापासून पंधरा दिवसांत आपोआप जाणारे मुरूम, ओरखडे, डासांचे चावे तेवढे आम्ही काढतो. तीळ, व्रण, गोंदण यांना विचारल्याशिवाय हात लावत नाही. "जरा उजळ करा" म्हणणाऱ्यांना आम्ही प्रकाश वाढवून देतो, कातडीचा रंग बदलून देत नाही, आणि या हट्टापायी काही गिऱ्हाइके गेलीही.

मात्र छायाचित्रकार म्हणून मला खरे शिकवले ते बाहेरच्या फोटोंनी. पावसाळा संपता संपता इकडे सगळीकडे हिरवळ असते, आणि गवतावर उभ्या केलेल्या माणसाच्या हनुवटीखाली व गालाच्या सावलीत तिची हिरवट झाक उतरते. पूर्वी मी सबंध फोटोचाच रंग फिरवत असे. मग सावली ठीक होई, पण उन्हातला गाल जांभळट दिसू लागे. पुढे मास्क करून, म्हणजे बाकीचा फोटो झाकून ठेवून, केवळ सावलीतला हिरवा रंग उतरवायला शिकलो. एकेका चेहऱ्यावर असा वेळ घालवताना, बऱ्याच उशिराने, लक्षात आले की त्याच माणसाला चार पावले सरकवून मातीच्या वाटेवर किंवा घाटाच्या काळ्या पायऱ्यांवर उभे केले असते, तर ही झाक पडलीच नसती.

पांढऱ्या सदऱ्यांनीही असेच छळले. कॅमेऱ्याने टिपलेली माहिती कच्च्या रूपात ठेवणाऱ्या 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या फिक्या-गडदपणाच्या 16,384 पायऱ्या असतात, नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये फक्त 256. त्यामुळे रॉमध्ये काळवंडलेला चेहरा मागाहून पुष्कळ उचलता येतो, पण उन्हाच्या उजेडाने फोटोत नुसत्या पांढऱ्याफटक उमटलेल्या कापडाची वीण कोणत्याही फाइलमधून परत येत नाही. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, सदऱ्याचे धरायचे आणि चेहऱ्यावर थर्माकोलच्या पांढऱ्या शीटने उजेड टाकायचा, ही आमची रीत झाली. दुपारी डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, त्यामुळे शक्यतो सकाळी नऊच्या आत आम्ही सामान आवरतो.

वडील अधूनमधून मागे येऊन उभे राहतात. मॉनिटरवर फोटो शंभर टक्के मोठा करून मी गालावरची छिद्रे न्याहाळत असलो, की "एवढं जवळ जाऊन कोण बघणार आहे?" असे विचारतात. फाइल बंद करण्यापूर्वी मी ती आता अल्बमच्या पानाएवढी करून पाहतो, आणि बहुतेक वेळा टचिंगच्या लेयरची, म्हणजे मूळ फोटोवर चढवलेल्या दुरुस्तीच्या थराची, तीव्रता निम्म्यावर आणतो.