फेरफार आधी, नांगरट मग

जालना, रविवार रात्र

उद्यापासून बायबलच्या नव्या करारातलं इफिसकरांस पत्र, म्हणजे प्रेषित पौलाचं इफिसच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र, पुन्हा पहिल्यापासून. सहा अध्याय, १५५ वचनं. रोज एक अध्याय मोठ्यानं वाचला तर पाच मिनिटं पुरतात आणि शनिवारी पत्र संपतं.

पहिल्या तीन अध्यायांत पौल जवळपास काहीच करायला सांगत नाही, देवानं काय केलं तेच सांगतो. आज्ञा म्हणावी अशी एकच, २:११ मध्ये (दुसरा अध्याय, अकरावं वचन): आठवण करा. चौथ्यापासून मात्र रांग लागते. खोटं सोडा, सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, चोरी करणाऱ्यानं हातानं कष्ट करावेत. पुष्कळ जण थेट चौथ्यालाच हात घालतात, आणि घोटाळा तिथंच होतो. मग प्रार्थनासुद्धा हजेरीपटासारखी मोजली जाते. दोन दिवस खाडा पडला की लाजेनं पुढचा आठवडाभर पवित्र शास्त्र उघडलंच जात नाही.

१:५ मधला शब्द आहे दत्तक. आपल्याला लहान लेकरू आठवतं, पण रोमी लोक कर्त्या पुरुषालाही दत्तक घेत. इ.स. ४ मध्ये रोमी सम्राट औगुस्तानं पुढं सम्राट झालेल्या तिबिर्याला दत्तक घेतलं तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर ही वारसाची नोंद. तलाठ्याकडं फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो, सातबाऱ्यावर नाव चढतं. चांगलं नांगरलं म्हणून वारसाचं नाव लागत नाही. नाव लागलंय म्हणून तो जीव लावून नांगरतो. (कुळकायद्यात कसणाऱ्याचं नाव लागतं. पौलानं कूळ म्हटलं नाही, दत्तक म्हटलं, हे बरं.)

ती एकुलती आज्ञा कशाची आठवण करायला सांगते? तुम्ही एके काळी बाहेरचे होता, याची. तीनच वचनांनी यहुदी आणि हे बाहेरचे यांच्यातली आडभिंत पडते. आमच्याकडं ‘आडनाव काय?’ असं विचारतात तेव्हा विचारायचं असतं दुसरंच. सोयरीक जुळवताना मंडळीतही तोच प्रश्न निघतो, आणि भिंतीच्या विटा पुन्हा रचल्या जातात. नुसतं नाव बदलून हे सुटत नाही. बायोडाटातला जातीचा रकाना कोरा सोडला आणि मध्यस्थालाही तसं बजावलं, तर थोडं सुटतं.

‘खोटं सोडा’ हे वचन खरं कसाला लागतं मोंढ्यात. खरेदी केंद्रावर सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. ओला माल वजनाला भरतो, म्हणून पोत्यात तळाशी ओला आणि वर वाळलेला, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक. मालाला आणखी दोन उन्हं द्यावीत. वजन घटेल तेवढं घटू द्यावं.

उद्याची वचनं २३. त्यातली ३ ते १४ मूळ ग्रीकमध्ये मिळून एकच वाक्य आहे, मराठीत त्याचे तुकडे पाडलेत. वाचताना मध्ये थांबायचं नाही. दम लागला तर लागू द्यायचा.