शोमधली कूपे रस्त्यावर येताना का बदलते?

तुम्ही विचारलंत म्हणून. उद्यमबागेतले, ओतकामाचे नमुने बनवणारे पॅटर्नवाले असोत, बेळगावच्या कॉलेजांत इंजिनिअरिंग शिकणारी पोरं असोत, प्रश्न एकच असतो: प्रदर्शनात आलिशान कूपे (दोन दारांची बसकी गाडी) बघून जीव हरखतो, पण तीच विकायला येते तेव्हा ओळखू का येत नाही?

कूपेचं रूप दिव्यांत किंवा जाळीत नसतं, मापांत असतं. पुढच्या चाकाचा मध्य दारापासून लांब हवा, म्हणजे बॉनेट लांब दिसतं. छत जेमतेम 1.3 मीटरवर. दोन चाकांमधल्या मोकळ्या जागेत साधारण तीन चाकं मावावीत. हे चुकलं की कितीही क्रोम चढवा, गाडी बसकी वाटतच नाही.

ही मापं आधी फोमच्या सांगाड्यावर चढवलेल्या क्लेमध्ये, म्हणजे नमुना घडवायच्या मातीसारख्या लगद्यात, उतरतात. ही क्ले 55-60 अंशांपर्यंत गरम करून हातानं थापतात आणि गार झाली की खरवडतात. आपल्या गणपतीच्या शाडूसारखी ती वाळून तडकत नाही, कारण तिच्यात पाणी नसतं, मेण आणि तेल असतं. महिन्याभरानंही थर वाढवता येतो. मग वर चकचकीत फिल्म ताणून दिव्यांचं प्रतिबिंब बघतात. बोटाला न लागणारा उंचवटा तिथं लगेच दिसतो, प्रतिबिंबाची रेघ थरथरते.

खरी अडचण पुढंच. क्लेमध्ये धार हवी तेवढी काढता येते, पण दाराचा पत्रा 0.7 मिलिमीटरच्या आसपास असतो. डायमध्ये (पत्रा दाबायच्या साच्यात) फार तीक्ष्ण कोपरा दिला तर तो फाटतो, आणि दाब सुटला की थोडा मागं येतो. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून तुम्ही ड्राफ्ट देता ना, तसाच उतार इथंही लागतो. शोची गाडी बहुतेक वेळा फायबर किंवा कार्बनची, एकच नग. साचा तुकड्यांत उघडला तरी चालतो.

त्यात माणूस आला. पायी चालणाऱ्याचं डोकं आपटलं तर बॉनेटला दबायला जागा हवी, म्हणून इंजिनावर पोकळी ठेवतात आणि बॉनेट वर सरकतं. युरोपच्या नियमात लो बीमचा दिवा जमिनीपासून 500 मिलिमीटरच्या खाली चालत नाही. शोमध्ये टायर कमानीला भिडलेला असतो. चोर्ला घाटात वळण आणि खड्डा एकदम आला तर तो घासेल, म्हणून फट ठेवावीच लागते.

तरी जमतं, बघा. लेक्ससनं 2012 मध्ये एलएफ-एलसी दाखवली आणि 2016 मध्ये तिचं विक्रीचं रूप, एलसी 500, दाखवलं. बॉनेट खाली राहावं म्हणून पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही आर्म्सना (चाक धरणाऱ्या दांड्यांना) दोन-दोन बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्यावर फिरणारे सांधे, दिले. आरसे, हँडल बदलली, पण ठेवण टिकली. म्हणून ती ओळखू येते.

पडताळायचं असेल तर दोन्ही गाड्यांचे बरोबर बाजूनं काढलेले फोटो घ्या. चाकांच्या मध्यांमधलं अंतर दोन्हींत सारखं करून छापा. एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. छताची रेघ आणि बॉनेटचा पाया आधी बघा, दिवे नंतर.