तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा खटाटोप कशासाठी?

शोधनिबंध सगळ्यांसारखा सरळ टाइप करून मोकळी का होत नाहीस? लिहायला लाटेक, आकृत्यांना इंकस्केप, संदर्भांना झोटेरो, बदलांच्या नोंदीला गिट, हे सगळं कशाला? आजवर 'सवय झालीये' म्हणून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

फुकट मिळतं म्हणून नाही. शिकण्यात गेलेले महिने धरले तर हे मुळीच फुकट पडत नाही.

माझा प्रबंध मी नेहमीच्या, विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला होता. सात वर्षांनी एका विद्यार्थ्याचा ईमेल आला: तिसऱ्या प्रकरणातल्या एका समीकरणात उणे हवं तिथे अधिक छापलंय. त्याचं बरोबर होतं. आकडेमोड मी उणे धरूनच केली होती, निष्कर्ष शाबूत होते; पण तो मुलगा छापलेल्या समीकरणावर विश्वास ठेवून तीन आठवडे गणित जुळवत बसला होता. मी लगेच फाइल उघडली. समीकरण दिसत होतं. डबल क्लिक केलं, भोवती चौकट आली, कर्सर काही आला नाही. ज्या साधनात समीकरणं लिहिली होती, ते मधल्या काळात बंद झालं होतं. उरली होती नुसती चित्रं. चौसष्ट चित्रं. एक चिन्ह बदलायचं होतं आणि मला माझ्याच प्रबंधाला हात लावता येईना. रात्रभर बसून छापील प्रतीवरून सगळी समीकरणं पुन्हा लिहिली, आणि त्या घाईत एकेचाळिसाव्यात पादांक चुकवला. 'आय'च्या जागी 'जे'. तेही त्याच मुलाने दाखवलं. त्याला उत्तर लिहिताना वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

लाटेकमध्ये समीकरण साध्या अक्षरांत असतं. कुठल्याही साध्या एडिटरमध्ये फाइल उघडा, अधिक खोडा, उणे लिहा. कुठली ओळ कधी बदलली ते गिट सांगतं. लाटेकच्या मुळाशी असलेलं 'टेक' संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी लिहायला घेतलं, कारण 1977 मध्ये आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं त्यांना बघवली नाहीत. 1990 मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता यात नवं काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. दर दुरुस्तीला आवृत्तीचा आकडा गणितातल्या 'पाय'च्या (3.14159…) एक घर जवळ जातो. असा शब्द पाळणाऱ्या साधनावर मी विसंबते.

पण 'यात काही बिघडतच नाही' असं मी पूर्वी ठासून सांगायचे, ते खरं नव्हतं. लाटेकला जोडलेली पूरक पॅकेजेस बदलतात, जुनी फाइल नव्या संगणकावर पहिल्या फटक्यात चालेलच असं नाही. वाचता मात्र येते. आणि जोडमथळ्यांचा तक्ता मला आजही रडवतो.

शिवाय माझी सहलेखिका. माझ्या आग्रहाखातर तिने लाटेक धरलं. एक महिरपी कंस राहिला आणि पडदाभर त्रुटी आल्या. 'मला विज्ञान लिहायचंय, कंस नाही मोजायचे,' म्हणाली. मी म्हटलं, शिकशील. तिने पुढच्या सगळ्या दुरुस्त्या कागदावर पेनाने करून दिल्या. त्या टाइप करताना तिचा एक आक्षेप माझ्या नजरेतून सुटला आणि निबंध तसाच गेला. माझी फाइल माझ्या हातात राहावी म्हणून हा सगळा आग्रह, आणि तिची मात्र तिच्या हातातून गेली. त्या दिवशी तिचं ऐकायला हवं होतं का? प्रबंधाची ती रात्र आठवली की नाही वाटतं. तिचा कागद समोर आला की हो.

पुढचा निबंध कशात लिहायचा, असं तिने परवा विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.