पाव, पाव आणि पाव

‘पाव डझन पाव द्या’ असं म्हटलं तर मराठी दुकानदार निमूटपणे लादीचे तीन पाव तोडून कागदात बांधतो. या वाक्यातला पहिला पाव संस्कृतातून आलेला आणि दुसरा पोर्तुगालहून, हे त्याच्या गावीही नसतं. त्यात शेवटची लादी आपल्याच वाट्याला आली म्हणून गिऱ्हाईक ‘देव पावला’ म्हणालं, तर तिसराही हजर. तिघांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही.

पहिला पाव म्हणजे ‘पाद’, पाय. जनावराला चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. हा हिशेब इतका पक्का की आकड्यांचं निम्मं घराणं त्याच्यावर उभं आहे. ‘सपाद’ म्हणजे पावासकट, तो झाला सव्वा. ‘पादोन’ म्हणजे पाव कमी, तो पाऊण. पूर्वी शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी घोकून घेत. शिवाय साडेतीनची औटकी, जिच्या नावानेच पोरांच्या पोटात गोळा येई. चार आण्यांच्या नाण्यालाही पावली म्हणत. पुढे आणे गेले, तरी पंचवीस पैशांचं नाणं ‘चार आणे’ म्हणून चालत राहिलं आणि 30 जून 2011 रोजी चलनातून बाद झालं. पावलीचं नाव आता कोणी काढत नाही, पण पाककृतीत हळद अजूनही पाव चमचाच पडते.

दुसऱ्या पावाची कथा जास्त चविष्ट. लॅटिनमध्ये ‘पानिस’ म्हणजे भाकर. तिचं इटालियनमध्ये ‘पाने’ झालं, स्पॅनिशमध्ये ‘पान’. पोर्तुगीजांनी शेवटचा न नाकात ढकलला आणि ‘पांव’सारखा काहीतरी अर्धवट उच्चार उरला. 1510 साली त्यांनी गोवा घेतलं, पुढे वसईही घेतली, आणि हा शब्द आपल्या किनाऱ्याला लागला. पाव करायचा तर यीस्ट हवं. ते इथे कुठलं? मग माडापासून काढलेल्या ताडीवर पीठ आंबवायला सुरुवात झाली. गोव्यात पाव भाजणारा आजही पोदेर, म्हणजे पोर्तुगीज ‘पादेइरू’. सायकलवर करंडी बांधून भोंपू वाजवत तो गावात शिरतो. त्याच्या करंडीत कडक कवचाचा उंडो असतो आणि कोंड्याची पोयही.

पोर्तुगीज 1543 साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले. जपानी माणूस पावाला अजून ‘पान’च म्हणतो, लाल घेवड्याचं गोड सारण भरलेला त्यांचा ‘आनपान’ प्रसिद्ध आहे. श्रीलंकेत सिंहलीतही ‘पान’. थायलंडमध्ये ‘खनोम पांग’. गंमत अशी की या सगळ्यांनी तो नाकातला सूर कसाबसा राखला, न म्हणून नाहीतर ङ म्हणून. आपण मात्र नाकच कापून टाकलं. त्यामुळे परका शब्द आपल्या जुन्या पावाच्या अंगावर जसाच्या तसा बसला आणि ओळखू येईनासा झाला.

मग मंडळी नातं जुळवायला बसली. चार पाव चिकटून येतात, त्यातला एक म्हणजे पाव, असं एक मत. लादीत चारापेक्षा जास्त पाव असतात, हे या मताला कधी अडचणीचं वाटलं नाही. दुसरं मत, पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव. हे सांगणारे काका हातातला पाव चहात बुडवता बुडवता सांगतात, म्हणजे त्यांचाही विश्वास बेताचाच असावा. मला या व्युत्पत्ती आवडतात. परक्याला घरात घेतल्यावर त्याचं मूळ आपल्याच गावात शोधायचं, ही आपली जुनी खोड. वडापावातला बटाटा हा शब्द पोर्तुगीज, पाव पोर्तुगीज, सोबतची तळलेली मिरची त्यांच्याच जहाजातून आलेली. तरी तो मराठी बाणा वगैरे म्हणून मिरवतो आणि कोणालाही शंका येत नाही.

बंगालीत आणि हिंदीत तर आणखी मजा. तिथे ‘पाउरुटी’, ‘पावरोटी’ म्हणतात. म्हणजे रोटी-रोटीच. एकदा पोर्तुगीजांना विचारून, एकदा स्वतःला.

तिसरा पाव म्हणजे क्रियापद, संस्कृत ‘प्राप्’चं घरगुती रूप. मिळणं, पोचणं, प्रसन्न होणं, सगळं त्याच्याकडे. पूर्वी पत्रं पावत, पैसे पावत. पैसे पावल्याचा कागद ती पावती. गणपती नवसाला पावतो, माणसं बढती पावतात आणि शेवटी मरणही पावतात. पण या क्रियापदाचा खरा रंग उपरोधात. नको असलेला पाहुणचार कोणी लांबूनच देऊ करावा आणि आपण हात जोडून म्हणावं, ‘इथूनच पावलं!’ पंचवीस टक्के, भाजलेलं पीठ आणि दैवी कृपा यांना एकाच अक्षरजोडीत नांदवणाऱ्या भाषेत परक्याला हा ‘पावलं’ समजावून सांगणं कठीण. एका जर्मन पाहुण्याला मी ते सांगू गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे तुम्हाला ब्रेड मिळाला?’